ओटो पीने: हातातला दिवा ते आकाश

प्रकाश आणि गती हेच ज्यांचं माध्यम, अशा जर्मन कलावंतांपैकी ओटो पीने (१९२८–२०१४) या एकाची कारकीर्द इथे प्रकरण म्हणून घेतली आहे. हाइन्झ माक किंवा ग्युंटर युकर यांच्यावरही लिहिता आलं असतं. पीनेच निवडला, कारण एकच निर्णय त्याने आयुष्यभर, दर वेळी मोठ्या प्रमाणावर घेतला. १९५९मध्ये तो स्वतः हातात दिवा धरून भिंतीवर प्रकाश नाचवत होता. वर्षभरात तो दिवा मोटरच्या हवाली झाला. मग कामात दोन मित्र आले, त्यानंतर अमेरिकेतले इंजिनिअर, आणि शेवटी सगळी भिस्त वाऱ्यावर. दर टप्प्यावर त्याने स्वतःचा हात थोडा मागे घेतला.

चित्रकाराने हात मागे घेतला की काम मोठं होतं. ते चांगलंही होतंच, असं नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पीनेचं सर्वांत पक्कं काम १९५९ ते १९६५ या सहा-सात वर्षांतलं आहे, अंधाऱ्या खोलीतलं. त्याचं नाव मात्र झालं ते आकाशातल्या कामामुळे, आणि आकाशाचा हट्ट नसता तर त्या खोलीला काही अर्थ उरला नसता. या दोहोंतली ओढाताण नीट पाहायची तर सुरुवात युद्धापासून करावी लागते.

तोफेजवळचा मुलगा

पीनेचा जन्म १८ एप्रिल १९२८चा, वेस्टफालियातल्या लास्फे गावातला. लहानपण ल्युबेके इथे गेलं. १९४३ पासून जर्मनीने १९२६ ते १९२८ या तीन वर्षांत जन्मलेल्या शाळकरी पोरांना विमानविरोधी तोफांवर मदतनीस म्हणून जुंपायला सुरुवात केली. त्यातल्या सर्वांत धाकट्या तुकडीत पीने होता. खाली गावं-शहरं ब्लॅकआउटमध्ये बुडालेली, आणि वर सर्चलाइटचे झोत एकमेकांना छेदत विमान शोधताहेत, मागोमाग पेटत्या गोळ्यांच्या रेघा. रात्रीच्या आकाशात प्रकाश हलताना पाहणं म्हणजे कोणीतरी मरणार, हे त्या पोराचं पहिलं शिक्षण. युद्ध संपताना तो ब्रिटिशांच्या कैदेत होता, तिथून सुटून घरी आला.

जर्मन आकाशाला आणखी एक आठवण चिकटलेली होती. १९३०च्या दशकात न्युरेम्बर्गच्या नाझी मेळाव्यांत हिटलरचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअरने हवाई दलाचे शंभराहून जास्त सर्चलाइट मैदानाभोवती उभे करून सरळ वर रोखले होते. प्रकाशाचे खांब असलेलं देऊळ उभं राहिल्यासारखं दिसे. म्हणजे रात्री आकाशात दिवे सोडणं हे काम त्या देशात आधी दोघांनी केलेलं होतं, प्रचारखात्याने आणि तोफखान्याने. १९४५नंतर कोणा जर्मन कलावंताने तेच करायचं म्हटलं, तर पूर्वी ते कोणी केलं होतं याचा हिशेब त्याला द्यावाच लागणार होता.

पीनेने तो दिला. १९६१मध्ये, त्याने आणि माकने चालवलेल्या ‘झीरो’ या नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात त्याने लिहिलं, त्याचा आशय असा: रात्रीच्या आकाशासाठी प्रकाशाचा नाच रचण्याचं काम आपण आजवर युद्धावर सोपवून मोकळे झालो, आता ते आपल्याकडे घ्यायला हवं. त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा या एका वाक्यात आहे.

एका संध्याकाळचं प्रदर्शन

पीने म्युनिकमध्ये आणि मग ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत चित्रकला शिकला, शिवाय कोलोन विद्यापीठात तत्त्वज्ञान. माक हा त्याचा दोन्हीकडचा सोबती. पोटापाण्यासाठी पीने ड्युसेलडॉर्फच्या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेत शिकवत होता. ग्लाडबाखर श्ट्रासवरच्या ६९ क्रमांकाच्या घरात, युद्धाचा मार खाल्लेल्या इमारतीत, दोघांचे स्टुडिओ होते.

नव्या लोकांची चित्रं लावायला शहरात जागा जवळपास नव्हती. आल्फ्रेड श्मेलाची गॅलरी १९५७मध्येच सुरू होत होती. मग दोघांनी सोपा मार्ग काढला. ११ एप्रिल १९५७ला त्यांनी स्टुडिओ आवरला, चित्रं लावली आणि लोकांना एका संध्याकाळपुरतं बोलावलं. उद्घाटन हेच प्रदर्शन. दुसऱ्या दिवशी भिंती पुन्हा कामाला मोकळ्या. असल्या संध्याकाळी दर काही महिन्यांनी होऊ लागल्या. २४ एप्रिल १९५८च्या सातव्या संध्याकाळचा विषय होता लाल रंगाचं चित्र, आणि ‘झीरो’चा पहिला अंक त्याच दिवशी निघाला. नाव रॉकेट सुटण्याआधीच्या उलट्या मोजणीवरून घेतलेलं. मोजणी संपते तिथून नवीन सुरू होतं, एवढाच त्यामागचा विचार.

कलावंताची कारकीर्द लिहिताना शैलीबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात आणि खुर्च्या कोणी मांडल्या ते राहून जातं. पीने पुढे वीस वर्षं एक मोठी संस्था चालवू शकला, त्याची तालीम या संध्याकाळी झाली. जागा नाही म्हणून रडत बसायचं नाही, लोकांना गोळा करायचं आणि एका रात्रीत उरकायचं. आकाशातले त्याचे सगळे कार्यक्रम याच साच्यातले आहेत. फक्त छत काढलेलं.

छिद्रं

आता मुख्य गोष्ट. १९५७च्या सुमारास पीने पत्र्याला आणि पुठ्ठ्याला हाताने ओळीने छिद्रं पाडत होता. हा छिद्रांचा पत्रा कॅनव्हासवर धरायचा आणि त्यातून रंग दाबून पलीकडे काढायचा. रांगोळीच्या छापातून पीठ पडावं तसे रंगाचे ठिपके पलीकडे उमटत, फरक इतकाच की इथे रंग घट्ट असल्यामुळे प्रत्येक ठिपका पृष्ठभागावरून जरा वर उठलेला राही. पिवळा, पांढरा, चंदेरी, सोनेरी. कडेने उजेड पडला की प्रत्येक ठिपक्याची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि पाहणारा सरकला की सगळं चित्र थरथरल्यासारखं दिसतं. कुंचल्याचा फटकारा, म्हणजे त्या वेळच्या जर्मन अमूर्त चित्रकलेची शान, इथे मुळातच बाद.

हाच पत्रा त्याने पुढे दोन कामांना लावला. पत्र्याखाली मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा धरला की काजळी छिद्रांतून जाऊन कागदावर बसते: ही धूरचित्रं. आणि १९५९मध्ये पत्र्यामागे विजेचा दिवा धरून खोलीतले बाकीचे दिवे घालवले. रंग नाही, कॅनव्हास नाही. छिद्रांतून आलेला उजेड भिंतीवर आणि छतावर जाऊन पडला. याला त्याने प्रकाशाचं बॅले म्हटलं, आणि त्याच वर्षी श्मेलाच्या गॅलरीत ते लोकांसमोर केलं, स्वतः हातात दिवे घेऊन.

यात नेमकं काय घडतं? अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून उजेड आला की समोरच्या भिंतीवर त्या उजेडाच्या उगमाचीच उलटी प्रतिमा पडते. बल्ब पारदर्शक असेल आणि छिद्र पुरेसं बारीक असेल, तर भिंतीवर उमटतो तो गोल ठिपका नसतो, बल्बमधल्या तापलेल्या तारेचा आकार असतो. शंभर छिद्रं असली की शंभर तारा. दिवा डावीकडे नेला की भिंतीवरचा सगळा थवा उजवीकडे जातो. दिवा पत्र्याच्या जवळ आणला की ठिपके फुगतात, एकमेकांपासून फाकतात, कडेचे तर लांबुळके होऊन कोपऱ्यात मोडतात आणि छतावर चढतात. दूर नेला की आक्रसून एकत्र येतात. मनगट जरा वळलं तरी अख्खी खोली फिरते. माणसाच्या छोट्या हालचालीला खोलीएवढं मोठं करून दाखवणारं हे यंत्र, आणि त्यात यंत्र म्हणावं असं काही नाही: एक पत्रा, एक दिवा.

मग १९६०मध्ये पीनेने त्यात मोटर बसवली. छिद्रांचे ड्रम आणि पेट्या, आत फिरणाऱ्या दांड्यांवर दिवे, ठरावीक वेळाने ते लावणारं-विझवणारं टाइमर. आता कलावंत खोलीत नसला तरी चालतं. काय गेलं? हात थकला की ठिपके डगमगायचे, ते गेलं. बघणाऱ्यांच्या श्वासाला दिलेला प्रतिसाद गेला. काय आलं? संथपणा. माणूस इतक्या सावकाश आणि इतक्या सारखेपणाने दिवा फिरवूच शकत नाही. मोटरची हलकी घरघर सुरू असते, ठिपका भिंत पार करायला चांगला वेळ घेतो, आणि पाहणारा घाई सोडून देतो. मला हा बदल फायद्याचाच वाटतो. हाताने केलेल्या बॅलेत लक्ष शेवटी दिवा धरणाऱ्याकडे जात असणार. मोटर आल्यावर ते भिंतीकडे गेलं.

या मालिकेतलं १९६५चं ‘इलेक्ट्रिक रोझ’ हे काम पाहिलं तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पॉलिश केलेला ॲल्युमिनियमचा गोळा, त्यावर टाइमरने लागणारे १६० निऑन दिवे. इथे उजेड बाहेर फेकण्यापेक्षा वस्तूच उजळते, विझते. देखणी आहे, पण खोली गिळून टाकण्याची ताकद छिद्रांच्या ड्रममध्ये जास्त.

पीनेच्या आधीही हे कोणी केलं नव्हतं असं नाही. बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवलेल्या लाझ्लो मोहोय-नॉज या हंगेरियन कलावंताने १९३०मध्ये फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांचं यंत्र बनवलं होतं, ज्याच्या सावल्या भिंतींवर हलत. १९५९च्या मार्चमध्ये अँटवर्पला गतीवर एक मोठं प्रदर्शन झालं, त्याचं शीर्षक मोहोय-नॉजच्या पुस्तकावरूनच घेतलेलं होतं आणि त्यात माक, पीने, फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाईन, स्विस शिल्पकार टँग्ली असे बरेच जण होते. टँग्लीची यंत्रं खडखडत, मोडत, हसवत. पीनेची यंत्रं दिसूच नयेत अशी. गतीच्या कलेतले हे दोन स्वभाव तेव्हाच वेगळे झाले.

तिघे

५ जुलै १९६१ला श्मेलाच्या गॅलरीबाहेर, ड्युसेलडॉर्फच्या जुन्या शहरातल्या रस्त्यावर, ‘झीरो’चा तिसरा अंक निघाल्याचा सोहळा झाला. साबणाचे फुगे, गरम हवेचा पारदर्शक फुगा, त्यावर सोडलेले झोत, आणि युकरने रस्त्यावरच पांढऱ्या रंगात काढलेलं मोठं शून्य. खिळे ठोकून चित्रं करणारा युकर तेव्हापासून, नियतकालिकाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटाचा तिसरा खांब झाला.

कळस १९६४मध्ये. कासेलच्या तिसऱ्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात या तिघांना फ्रिडेरिशियानुम इमारतीचा पोटमाळा मिळाला. तिथे त्यांनी मिळून एक प्रकाशखोली केली आणि ती लुचो फोंताना या इटालियन कलावंताला वाहिली. फिरणाऱ्या चकत्या, खिळ्यांचे गोळे, पीनेचे छिद्रांचे ड्रम, आणि सगळे दिवे एका ठरलेल्या क्रमाने लागणारे-विझणारे. एकाचं काम विझलं की दुसऱ्याचं उजळायचं. आज ही खोली ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्ट संग्रहालयात आहे. तिघांतल्या कोणाचीही अहंता न दुखावता तिघांना आळीपाळीने अंधार वाटून देणं, ही त्या टाइमरची करामत मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते.

पण हाच गट १९६६मध्ये संपला. बॉनला शेवटचं एकत्र प्रदर्शन, आणि नोव्हेंबरमध्ये रोलांड्सएकच्या रेल्वे स्टेशनात निरोपाची पार्टी. माक एकट्याने सहाराच्या वाळूत आरसे आणि खांब उभे करण्याच्या मागे होता. पीने तोवर अमेरिकेत पोचला होता. भांडण वगैरे रंगवण्यात अर्थ नाही. तिघांनाही मोठी जागा हवी होती आणि ती तिघांना तीन दिशांना दिसत होती.

अमेरिकेचा निर्णय

इथे या प्रकरणाचं वळण आहे. १९६४मध्ये पीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाहुणा प्राध्यापक म्हणून गेला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला हॉवर्ड वाइझ गॅलरीत प्रकाशाच्या बॅलेचं एकट्याचं प्रदर्शन केलं. युरोपात नाव होतं, गॅलऱ्या होत्या. तिथेच राहून वर्षाला चार ड्रम विकत आयुष्य सुखात गेलं असतं. त्याने तसं केलं नाही. १९६७मध्ये आल्डो तांबेलिनी या कलावंताबरोबर न्यूयॉर्कच्या ब्लॅक गेट थिएटरमध्ये हाताने रंगवलेल्या स्लाइड अनेक प्रोजेक्टरांतून खोलीभर फेकल्या. १९६८मध्ये याच जोडीने कोलोनच्या टीव्ही केंद्रात एक कार्यक्रम केला. कलावंतांनी खास टीव्हीसाठी केलेल्या अगदी पहिल्या कार्यक्रमांत तो धरला जातो.

आणि त्याच १९६८मध्ये तो एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाला. ग्यॉर्गी केपेश या हंगेरियन कलावंताने आदल्या वर्षी तिथे कलावंतांनी इंजिनिअरांबरोबर काम करावं म्हणून एक केंद्र काढलं होतं, सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड व्हिज्युअल स्टडीज. पीने त्याच्या अगदी सुरुवातीच्या फेलोंपैकी, म्हणजे तिथे काम करायला बोलावलेल्या कलावंतांपैकी, एक. केपेश हा मोहोय-नॉजचा बर्लिनपासूनचा, पुढे शिकागोतलाही सहकारी. म्हणजे प्रकाशयंत्राचं घराणं इथे येऊन मिळालं.

आता यातली अडचण. ज्या एमआयटीत पीने आकाशाला युद्धाच्या हातून सोडवायला आला, त्याच एमआयटीच्या प्रयोगशाळा तेव्हा क्षेपणास्त्रांना दिशा दाखवणारी यंत्रणा बनवत होत्या. १९६९च्या वसंतात तिथल्याच शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी लष्करी संशोधनाविरुद्ध काम थांबवलं. त्याच वर्षी केपेश साओ पाउलोच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेतर्फे कला-तंत्रज्ञानाचं प्रदर्शन नेणार होता. ब्राझीलच्या लष्करी राजवटीचा निषेध म्हणून कलावंत एकेक करून बाहेर पडले आणि बेत रद्द झाला. तंत्रज्ञानाच्या मांडीवर बसून तंत्रज्ञानाला माणसाळवता येतं का, असा सवाल विचारणारे तेव्हा खूप होते.

पीनेचं उत्तर शब्दांत फार सापडत नाही, कृतीत सापडतं. एमआयटीच्या मैदानावर १९६८मध्ये त्याने पारदर्शक पॉलिथिनची नळी हेलियमने भरून रात्री वर सोडली आणि तिच्यावर झोत टाकले. शस्त्रांच्या कारखान्यातून त्याने काय उचललं, तर प्लास्टिकची नळी, वायूची टाकी, दोर, आणि दोर धरायला विद्यार्थी. मला हे भाबडं वाटत नाही. सर्चलाइट तोच होता, त्याच्या उजेडात यायची गोष्ट बदलली होती.

नळीचं गणित

आकाशकामाचं तंत्र ऐकायला सोपं आहे, करायला जिकिरीचं. जमिनीलगत एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. अर्धा मीटर व्यासाची नळी घ्या: दर मीटर लांबीत सुमारे ०.२ घनमीटर वायू मावतो, म्हणजे उचल २०० ग्रॅम. प्लास्टिक ०.०५ मिलिमीटर जाडीचं असेल तर त्याच एक मीटरचं वजन ७० ग्रॅमच्या आसपास. दोर वगैरेसाठी उरले १३० ग्रॅम. व्यास दुप्पट केला तर उचल चौपट होते आणि प्लास्टिक फक्त दुप्पट लागतं, म्हणून नळी जाड करण्याचा मोह होतो. पण जाड नळी वाऱ्यालाही दुप्पट अंग देते. जरा झुळूक आली की शेकडो मीटरांची नळी आडवी होते आणि टोकं धरलेल्या माणसांना ओढत नेते. प्लास्टिक जाड घेतलं तर उचल गेली, पातळ घेतलं तर शिवण फाटते. वर विमान वाहतुकीच्या परवानग्या.

म्हणून या कार्यक्रमांत पीने स्वतः काय करत होता हे पाहणं मजेचं आहे. तो वारा तपासत होता, थांबा म्हणत होता, सोडा म्हणत होता. बाकी काम डझनावारी माणसांच्या हातात. १९५९मध्ये त्याच्या मनगटाला खोली उत्तर देत होती. इथे तो हाक मारतो आणि नळी वाऱ्याचं ऐकते.

म्युनिक, ११ सप्टेंबर १९७२

त्याच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम हे, आणि त्याचा अर्थ त्याने ठरवलेला नव्हता. म्युनिकचं ऑलिम्पिक पश्चिम जर्मनीला हसतमुख दाखवायचं होतं. १९३६च्या बर्लिनची आठवण पुसायची होती. या खेळांचा डिझायनर ओटल आयशर याने आखलेल्या रंगसंगतीत इंद्रधनुष्याचे हलके रंग होते आणि नाझींचा लाल मुद्दाम वगळलेला. समारोपाला पीनेचं इंद्रधनुष्य असणार होतं: हेलियमने भरलेल्या पाच रंगांच्या पाच प्रचंड नळ्या, ऑलिम्पिक पार्कमधल्या तळ्यावर कमान करणाऱ्या.

५ सप्टेंबरच्या पहाटे पॅलेस्टिनी अतिरेकी इस्रायली संघाच्या खोल्यांत घुसले. इस्रायली संघातले अकरा जण आणि एक जर्मन पोलीस मारले गेले. खेळ थोडे थांबून पुन्हा सुरू झाले, समारोप एक दिवस पुढे गेला. आनंदाचा भाग कापून कार्यक्रम साधा केला. इंद्रधनुष्य ठेवलं.

त्या रात्री आकाशात आणखी एक गोष्ट घडली. समारोप चालू असताना एका अज्ञात विमानाची खबर आली; ते स्टेडियमवर बॉम्ब टाकेल अशी भीती होती. लढाऊ विमानं वर गेली. निवेदक योआखिम फुक्सबेर्गरच्या हातात चिठ्ठी आली, आणि चेंगराचेंगरी होईल म्हणून त्याने ती वाचून दाखवली नाही. विमान निघालं फिनलंडचं, वाट चुकलेलं प्रवासी विमान. ज्या आकाशाला युद्धातून सोडवायचं म्हणून पीने पंधरा वर्षं झटला, त्याच्या सर्वांत मोठ्या रात्री त्याच आकाशात लढाऊ विमानं शत्रू शोधत होती.

ते इंद्रधनुष्य आज शांततेची, आशेची खूण म्हणून सांगितलं जातं. आखलं होतं ते उत्सवासाठी. अर्थ नंतर येऊन चिकटला. काही समीक्षक याला योगायोगाचं यश म्हणतील. मला वाटतं, ड्रममधला दिवा जेव्हा पीनेने मोटरला दिला तेव्हाच त्याने हा धोका पत्करला होता: काम तुमच्या हातात नसेल तर त्याचा अर्थही तुमच्या हातात नसतो.

संस्थेची वीस वर्षं

१९७४मध्ये केपेशनंतर पीने केंद्राचा संचालक झाला आणि जवळपास वीस वर्षं राहिला. या काळाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण कामांपेक्षा माणसं जास्त आहेत. नाम जून पाइक, शार्लट मूरमन, स्टॅन व्हॅन्डरबीक असे कितीतरी कलावंत या केंद्रात येऊन गेले. १९७७च्या कासेलच्या डॉक्युमेंटात केंद्राने ‘सेंटरबीम’ नेलं: सुमारे ४४ मीटर लांबीची एक रचना, तिच्यात लेसर, होलोग्राम, पाण्याचा प्रिझम, वाफ, निऑन, वर तरंगणाऱ्या फुगीर आकृत्या. वाफेच्या पडद्यावर लेसरने चित्रं उमटत. पुढच्या उन्हाळ्यात ते वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर उभं राहिलं. तांत्रिकदृष्ट्या धाडसी, यात शंका नाही. पण प्रत्येक सहकाऱ्याला आपली जागा हवी असल्यामुळे ते शेजारीशेजारी लावलेल्या स्टॉलसारखं वाचलं जातं. १९६४च्या पोटमाळ्यात तिघांना अंधार वाटून मिळाला होता. इथे कोणी विझायला तयार नव्हतं.

या वीस वर्षांची किंमतही मोजायला हवी. अमेरिकेतला कलाबाजार पीनेला प्राध्यापक समजत राहिला. हवा काढल्यावर घडी घालून ठेवायची नळी विकायची कशी? युरोपात ‘झीरो’ची चित्रं एका छोट्या वर्तुळात फिरत होती. टिकली ती इमारतीला बांधलेली कामं: म्युन्स्टरच्या संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर १९७०-७१मध्ये बसवलेले चंदेरी गोळे, जे २०१४मध्ये नव्या इमारतीवर पुन्हा चढले. २००७मध्ये मोअर्सजवळच्या कोळशाच्या टेकाडावर त्याने खाणकामगाराच्या दिव्याच्या आकाराचा ३० मीटर उंच मनोरा उभारला, रात्री उतारावर लाल उजेड पडतो. तिथल्या लोकांना तो आवडतो, फोटोत छान येतो. मला त्याच्यात पीने फारसा दिसत नाही. दिवा दिव्याच्याच आकाराचा करायची वेळ यावी, हे छिद्राच्या पत्र्यातून सुरुवात केलेल्या माणसाला शोभत नाही.

बाजार जागा झाला तो २०१०च्या सुमारास, लंडनच्या सदबीजमध्ये लेन्झ-शॉनबेर्ग संग्रहातल्या ‘झीरो’ कामांचा लिलाव गाजल्यावर. त्याआधी २००८मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये तिघांचं दप्तर सांभाळायला झीरो फाउंडेशन स्थापन झालं होतं. २०१४च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये ‘झीरो’चं मोठं प्रदर्शन उघडायचं ठरलं.

पीनेने ते पाहिलं नाही. जुलैमध्ये बर्लिनच्या नॉये नॅशनलगॅलरीत त्याचं प्रदर्शन लागलं होतं. मीस व्हान डेर रोहच्या काचेच्या इमारतीत १९६७च्या रंगीत स्लाइड रात्री उशिरापर्यंत फेकल्या जात होत्या. १७ जुलैला तिकडे जाताना टॅक्सीत त्याचा मृत्यू झाला. वय ८६. दोन दिवसांनी इमारतीच्या छतावरून आकाशकाम सोडायचं होतं, आणि ते सोडलं गेलं. त्याची माणसं तयार होती, वारा बघणारं कोणीतरी होतं. त्याने आयुष्यभर केलेल्या तयारीचा हा अगदी व्यावहारिक पुरावा.

आता उरलेली अडचण

आकाशकामं पुन्हा करता येतात: नकाशा आहे, प्लास्टिक मिळतं, हेलियम महाग असला तरी मिळतो. खरी अडचण त्या १९६०च्या ड्रमची आहे. मोटरी झिजतात, त्या बदलता येतात. बल्बचं काय? युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात घरगुती तारेचे बल्ब बाजारातून टप्प्याटप्प्याने काढले. ज्यांच्याकडे ही कामं आहेत त्यांच्यापुढे मार्ग दोनच: जुने बल्ब साठवून ठेवायचे, नाहीतर एलईडी बसवायचे. एलईडी लावला की मोटर तीच, पत्रा तोच, क्रम तोच. पण छिद्रातून भिंतीवर पडते ती उगमाची प्रतिमा, आणि उगमच बदललेला. तापलेल्या तारेचा वळसा होता तिथे पिवळ्या पट्ट्यांचा किंवा चौकोनी चिपचा ठसा येतो. शिवाय तारेचा बल्ब विझताना लालसर होत मंदावतो, एलईडी खटकन बंद होतो. ठिपक्यांचा थवा मावळण्याऐवजी कापला जातो. काही एलईडी आता तारेसारख्या दिसणाऱ्या काड्यांचे येतात आणि डिमरने सावकाश उतरवता येतात. त्यांनी भिंतीवर काय उमटतं ते प्रत्येक ड्रमला वेगळं तपासावं लागेल, कारण पीनेने छिद्रं हाताने पाडली होती आणि दोन ड्रमांची छिद्रं सारखी नाहीत.